आपला निरोप पोहोचला

मखमलाबाद, नाशिक
१२ ऑगस्ट २००६

दादा,

नमस्कार लिहावा की एकदम मुद्द्यावर यावं, यातच दोन कागद फाडले. हा तिसरा.

तुझा आत्ताचा पत्ता मला कुणी दिलेला नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची नवी वेबसाइट उघडून बसले होते. पान खाली सरकवत गेले, तर अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत पुण्याच्या एका कंपनीचं नाव, पत्ता, आणि पुढे ‘रचना : महेश गोटीराम मौले’. शेजारच्या मुलीला मी उगाच म्हटलं, “माऊस बिघडलाय वाटतं.” माऊसला काही झालं नव्हतं, मीच पान पुढे सरकवत नव्हते.

तू आण्णांशी भांडून गेलास तेव्हा मी एफ.वाय.ची परीक्षा नुकतीच दिली होती. आता एम.लिब. करतेय. आणि माझा लघुप्रबंध नेमका तुझ्या साइटवर आहे! विद्यार्थ्यांना ती कशी वाटते, ते ती कशी वापरतात. एकशेवीस जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, आणि तीस जणांच्या शेजारी बसून नुसतं बघायचं. मदत करायची नाही, बोट दाखवायचं नाही. ग्रंथपाल यादव सर माझे मार्गदर्शक. ते म्हणाले, “साइट नवी आहे, चांगली आहे. तुमचं काम दिवाळीच्या आत होईल.” मी तुझी बहीण आहे हे त्यांना माहीत नाही. मौले आडनावाची माणसं नाशकात पुष्कळ आहेत.

घरी सगळे बरे आहेत. आण्णा रोज पहाटे फुलं घेऊन बाजारात जातात. आईचा डोळा दुखायचा तो थांबलाय. शेवंती यंदा चांगली आहे.

तुला पत्र लिहितेय हे घरी सांगितलेलं नाही. उत्तर पाठवावंसं वाटलं तर विभागाच्या पत्त्यावर पाठव. घरच्या पत्त्यावर नको.

सुवर्णा


५ सप्टेंबर २००६

दादा,

तुझं पत्र सोमवारी आलं. ग्रंथालयातल्या शिपाई अंबूबाईंनी ते सगळ्यांसमोर हातात दिलं आणि मोठ्यानं विचारलं, “पुन्याचं हाय गं. कोन हाय तिकडं?” मी म्हटलं, भाऊ. हा शब्द किती दिवसांनी तोंडातून निघाला.

चार ओळी लिहिल्यास. आण्णांबद्दल एक अक्षर नाही, ते मी समजू शकते. सायलीवहिनींना माझा नमस्कार सांग. वहिनी लिहिलेलं चालेल ना?

‘मुलं वापरतात का साइट?’ असं विचारलंयस. वापरतात की. दिसायला ती छानच आहे. वरचा निळा पट्टा आणि ग्रंथालयाच्या इमारतीचा फोटो सगळ्यांना आवडतो. प्रश्नावलीत ‘काय आवडलं’ इथं निम्म्या जणांनी फोटो असंच लिहिलंय.

शेजारी बसून बघण्याचं काम मात्र मला वाटलं होतं तितकं सोपं नाही. पहिली आली ती सटाण्याची भाग्यश्री. शोधायच्या चौकटीत तिनं स्वतःचं संपूर्ण नाव टाइप केलं, आडनाव आधी, आणि हात मांडीवर ठेवून बसली. थोड्या वेळानं तीच म्हणाली, “नाव घातलं. आता काय पाहिजे ते विचारेल ना?”

दुसऱ्यानं त्याच चौकटीत अर्ज लिहिला. मा. ग्रंथपाल महोदय, आपणांस विनंती की. चौकट लहान पडली, तर तो म्हणाला, “जागा कमी दिलीय.”

मालेगावचा एक मुलगा होता, त्याला सगळं येतं. रोज सायबर कॅफेत बसतो. त्यानं एका मराठी पुस्तकाचं नाव इंग्रजी अक्षरांत पटापट टाइप केलं. उत्तर आलं, नो रेकॉर्ड्स फाउंड. अजून एकदा केलं, तेच. “इथं काही नाही,” म्हणाला आणि उठून गेला. मी नंतर वर जाऊन पाहिलं. त्या पुस्तकाच्या पाच प्रती फडताळात होत्या. नोंद करणाऱ्यानं स्पेलिंगमध्ये एक एच कमी टाकला होता, एवढंच.

मी हाताची घडी घालून बसते. बगलेत हात दाबून ठेवते, नाहीतर ते आपोआप माऊसकडे जातात.

या त्यांच्या चुका आहेत, साइटच्या नाहीत. सर असंच म्हणतात, आणि मलाही तसंच वाटतं.

सुवर्णा


११ ऑक्टोबर २००६

दादा,

तुझं दुसरं पत्र वाचलं आणि त्या दिवशी डबा तसाच परत आणला.

मला ठाऊक नव्हतं की तू अजून कंत्राटावरच आहेस. ग्रंथालयाचा अहवाल चांगला गेला तर आणखी तीन कॉलेजं तुमच्याकडून साइट करून घेणार, आणि मग तुला कायम करणार, हे तू एका ओळीत लिहिलंस. पुढच्याच ओळीत, ‘आकडे चांगले येतील ना?’

येतील. काळजी करू नको.

(वरची ओळ लिहून पेन बंद केलं होतं. आता पुन्हा उघडलंय. येतील असं मला वाटतं, एवढंच लिहायला हवं होतं.)

काल मंगळू भोये आला होता. हा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सुरगाण्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. त्याच्या पाड्यावरची माणसं दिवाळी झाली की द्राक्षबागांवर कामाला जातात आणि होळीला परततात. त्यावर त्याला लघुप्रबंध लिहायचाय. सुरगाणा तालुक्यातल्या मजुरांवर एक जुना अहवाल विद्यापीठात आहे असं त्याला शाळेतल्या मास्तरांनी सांगितलंय. तो मिळाला तरच विषय मंजूर होणार, नाहीतर त्याचे सर म्हणतात दुसरा विषय घे.

एका बोटानं, एकेक अक्षर शोधत त्यानं सुरगाणा लिहिलं. नो रेकॉर्ड्स. मग सुरगाणे लिहून पाहिलं, मग नुसतं मजूर. तीनदा तेच उत्तर आलं. तो पडद्याकडे बघत राहिला, मग बोट मागे घेतलं.

“काय झालं?” मी विचारलं.

“नाय म्हणतंय.”

“कोण?”

“विद्यापीठ.”

तो ते इतकं साधेपणानं म्हणाला की मला राहवलं नाही. मी नियम मोडला. खाली ‘ग्रंथपालांना विचारा’ अशी चौकट आहे ना, ती त्याला दाखवली. म्हटलं, इथं लिही, सर उत्तर देतील. तो वीस मिनिटं लिहीत होता. इंग्रजी अक्षरांत मराठी, सहा ओळी. पाठवल्यावर हिरव्या रंगात आलं, ‘आपला निरोप पोहोचला. लवकरच उत्तर मिळेल.’ त्यानं ते दोनदा मोठ्यानं वाचलं. उठताना मला वाकून नमस्कार करू लागला. मी त्याच्याहून वर्षभरानं लहान असेन.

ही चौकट चांगली केलीस. खरंच सांगतेय.

सुवर्णा


१९ नोव्हेंबर २००६

दादा,

आकडे चांगले आलेत. अठ्ठ्याहत्तर टक्के समाधानी. तुमच्या कंपनीला सर स्वतः प्रत पाठवणार आहेत.

इथंच थांबणार होते, पण तुला नाही सांगितलं तर कुणाला सांगू?

एकशेवीस प्रश्नावल्या मोजल्या तेव्हा त्र्याऐंशी जणांनी साइट एकदा उघडून पुन्हा उघडलेली नव्हती. एकाहत्तर जणांनी लिहिलं होतं की हवं ते पुस्तक ग्रंथालयातच नाही. ती पुस्तकं मी शोधून बघितली, बहुतेक आहेत. ‘तुम्हाला ही साइट कोणासाठी आहे असं वाटतं?’ असा एक प्रश्न होता. उत्तरं आली, प्राध्यापकांसाठी, पीएच.डी.वाल्यांसाठी, पुण्या-मुंबईच्या मुलांसाठी. एकीनं लिहिलं होतं, पाहुण्यांसाठी.

हा तक्ता घेऊन मी सरांकडे गेले. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“हे असं कसं? प्रश्न नीट समजावून सांगितले होते का मुलांना?”

“हो सर.”

“नसणार. पुन्हा भरून घ्या. वीस डिसेंबरला समितीसमोर मांडायचंय. कुलसचिव येणार आहेत.”

परीक्षेच्या तोंडावर पुन्हा कोण भरून देणार? चाळीस कोऱ्या प्रश्नावल्या घेऊन मी वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बसले आणि माझ्या मीच भरल्या, तेवढ्याच जुन्या बाजूला काढून ठेवल्या. एक निळ्या पेनानं, एक काळ्या, पुन्हा एक निळ्या. अक्षर कधी उजवीकडे झुकवलं, कधी डावीकडे. अंबूबाई फडकं मारत आल्या, म्हणाल्या, “पोरी, लय लिवतीस. हात दुखत नाय का?”

सरांना दुसरा तक्ता दाखवला. ते म्हणाले, “बघा, म्हटलं नव्हतं?” जानेवारीपासून ग्रंथालयात सहायकाची हंगामी जागा निघणार आहे, त्यासाठी माझं नाव सुचवणार आहेत. आण्णांना सांगितलं, तर त्यांनी त्या दिवशी बाजारातून पेढे आणले.

आता रोज त्या प्रश्नावल्या काढून बघते. माझा ‘र’ चाळीसही ठिकाणी सारखाच आहे. शेपूट वर जातं. कुणाच्या लक्षात येईल का? सरांच्या केबिनचं दार वाजलं की त्या वहीखाली सरकवते. काही काम नसताना रोज तिसऱ्या मजल्यावर, पुस्तकांच्या फडताळांपाशी, जाऊन उभी राहते.

तुला बरं वाटावं म्हणून केलं असं लिहायला सोपं आहे. पेढ्यांसाठीही केलं असेल. मलाच कळत नाही.

सु.


२ डिसेंबर २००६

दादा,

या पत्राचं उत्तर लगेच दे. फोन केलास तरी चालेल. विभागाचा नंबर मागे लिहिलाय, दुपारी दोन ते चार मी तिथंच असते.

मंगळू महिनाभर दिसला नाही म्हणून काल मुलांच्या वसतिगृहावर गेले. फाटकावर त्याचा खोलीतला जोडीदार भेटला. म्हणाला, “तो गेला ना. वळकटी घेऊन गेला, दिवाळीच्या सुट्टीतच.”

“का?”

“ग्रंथालयानं उत्तर नाही दिलं म्हणाला. तीनदा लिहिलं म्हणे त्यानं. सरांनी विषय बदलायला सांगितला, तर म्हणाला, दुसरा विषय मला येत नाही.”

तिथून तशीच यादव सरांकडे गेले. विचारलं, “सर, ‘ग्रंथपालांना विचारा’मध्ये आलेले प्रश्न कोण बघतं?”

“कुठले प्रश्न?” सर म्हणाले. “अजून एकही आलेला नाही. वार्षिक अहवालात लिहिलंय मी तसं. सहा महिन्यांत एकही तक्रार नाही.”

ते अभिमानानं सांगत होते, दादा.

मी खाली आले, टर्मिनलवर बसले आणि स्वतः एक निरोप पाठवला. ‘चाचणी. सुवर्णा.’ हिरवं वाक्य आलं. मग वर जाऊन सरांच्या संगणकाजवळ काहीतरी निमित्त काढून साडेचार वाजेपर्यंत बसले. काहीही आलं नाही. आज सकाळी पाहिलं, आजही नाही.

मग ते निरोप जातात कुठं? मंगळूला ती चौकट मी दाखवली होती. माझ्या सांगण्यावरून त्यानं वाट पाहिली. तीनदा लिहिलं, म्हणजे तीनदा ते वाक्य वाचलं असणार त्यानं.

सुवर्णा


९ डिसेंबर २००६

दादा,

परवा फोनवर आपण जे बोललो ते मला शब्द न् शब्द आठवतंय, कारण तीन वर्षांनी तुझा आवाज ऐकला, आणि तो ऐकून आनंद व्हायच्या आधीच भीती वाटली.

तू म्हणालास, “चाचणीसाठी माझ्या नावानं निरोपांची पेटी उघडली होती. साइट सुरू करताना पत्ता बदलायचा राहिला.”

“किती आहेत त्यात?”

तिकडून कळफलकाच्या कळांचा आवाज आला. मग म्हणालास, “दोनशे चौदा.”

“वाचलेस?”

“सुवर्णा, हे तू कुणाला सांगणार आहेस का?”

मी पुन्हा तेच विचारलं, वाचलेस का. तू चिडलास. “विसरलो गं. माणूस विसरतो. उत्तर आलं नाही म्हणून कोणी मरत नाही. आण्णांनी माझ्या पत्राला उत्तर दिलं? लग्नाला या, नुसती एक ओळ लिहा, मी न्यायला येतो, एवढं लिहिलं होतं मी. तीन वर्षं झाली. मी मेलो का?”

मी फोन ठेवला. तुला वाटलं असेल, रागानं ठेवला.

तुझं ते पत्र आण्णांपर्यंत पोहोचलंच नाही. ते पोस्टमनकडून मी घेतलं होतं. २१ ऑगस्ट २००३, दुपारी, ओट्यावर. तुझं अक्षर ओळखलं आणि ते तिथंच फोडलं. त्या आठवड्यात आण्णा तुझं नाव काढलं तरी ताटावरून उठत होते, आई चुलीपुढे डोळे पुसत होती. म्हटलं, आज नको, उद्या देते. उद्याही धीर झाला नाही. पाच सप्टेंबर ही लग्नाची तारीख होती, ती उलटून गेली. त्यानंतर द्यायचं म्हणजे आधी का दिलं नाही ते सांगावं लागणार होतं. माझ्या पत्र्याच्या पेटीत, शाळेच्या दाखल्यांखाली, अजून आहे ते.

आण्णा सगळ्यांना सांगतात, पोरानं लग्न केलं, पण आईबापाला साधं कळवलंसुद्धा नाही. मी भाकरी थापत असते आणि ऐकत असते. तू समजतोस त्यांनी मुद्दाम उत्तर दिलं नाही. दोघांच्या मधे मी बसलेय, आणि कुणीही मला विचारत नाही, कारण मी आहे हे कुणाला ठाऊकच नाही.

तू विसरलास. मी विसरले नव्हते. म्हणून तुला बोलायचा मला हक्क नाही, हे कळतं. पण वीस तारखेला मी खरे आकडे मांडणार आहे. चाळीस प्रश्नावल्या मी भरल्या हेही सांगणार आहे. निरोपांच्या पेटीबद्दलही. तुझं काम जाईल कदाचित. तुला आधी कळावं म्हणून लिहिलं, विचारायला नाही.

आणि आण्णांनाही सांगेन. कधी, ते लिहवत नाही. जीभ उचलत नाही अजून.

सुवर्णा


२९ डिसेंबर २००६

दादा,

तुझं पत्र नाही, फोन नाही. ठीक आहे. मी लिहिते.

वीस तारखेला सभागृहात अठरा माणसं होती. कुलसचिव आले नाहीत, त्यांच्या जागी दुसरे कुणी आले. माझ्या हातात दोन्ही तक्ते होते. पहिलं वाक्य बोलायच्या आधी मी ते टेबलावर ठेवले, पुन्हा उचलले, पुन्हा लावले. अंबूबाई चहाचे कप लावत होत्या, त्यांनी न सांगता पाणी आणून दिलं.

मी म्हटलं, छापील तक्ता खोटा आहे. चाळीस प्रश्नावल्या मी भरल्यात. खरे आकडे हे. मग त्र्याऐंशी सांगितले, एकाहत्तर सांगितले, दोनशे चौदा सांगितले. मंगळूचं नाव घेतलं नाही, पण त्याचं सगळं सांगितलं.

कुणीतरी विचारलं, “साइट कुणी केली?” मी म्हटलं, माझ्या भावानं. त्या क्षणापर्यंत ते बोलायचं ठरवलेलं नव्हतं. सभागृहात एकदम कुजबुज सुरू झाली. यादव सर एवढंच म्हणाले, “बसा.”

नंतर त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. ओरडतील म्हणून मी दाराशीच उभी राहिले. त्यांचा आवाज उलट खाली गेला होता.

“अकरा वर्षं मी इथं आहे, मौले. एक पोरगं येऊन मला सांगत नाही की उत्तर मिळालं नाही म्हणून?”

“त्यांना वाटलं, हेच उत्तर आहे सर.”

त्यांनी दोन्ही तक्ते मागून घेतले. मग म्हणाले, चाळीस खोट्या प्रश्नावल्यांचं मला काहीतरी करावंच लागेल. लघुप्रबंध या वर्षी घेणार नाहीत, पुढच्या वर्षी नव्यानं करायचा. सहायकाच्या जागेवर दुसऱ्या मुलीचं नाव गेलं. यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. घरी येऊन सांगितलं की जागा मिळाली नाही. का मिळाली नाही ते आण्णांनी विचारलं, आणि मी म्हटलं, माझी चूक झाली. तिथवरच बोलता आलं.

मंगळवारी तुझं पार्सल आलं. दोनशे चौदा निरोप, छापलेले, तारखेनं लावलेले. सोबत चिठ्ठी नाही. वर वर्तमानपत्रात दोनदा गुंडाळलेलं होतं. उघडताना तुझ्या हाताचा एखादा शब्द सापडेल म्हणून प्रत्येक पानाची मागची बाजू पाहिली.

तो गठ्ठा उचलून मी सरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी दार लावून घेतलं. दुपारी जेवायला बाहेर आले नाहीत. संध्याकाळी गठ्ठा परत दिला तेव्हा पहिल्या साठ निरोपांवर त्यांनी लाल पेनानं पुस्तकांचे क्रमांक लिहिले होते. म्हणाले, “पुस्तकं काढायला येणार का तुम्ही? जागेचं मात्र बोलू नका.”

जाते रोज.

सुवर्णा


२९ जानेवारी २००७

दादा,

सायलीवहिनींचं कार्ड आलं. तुला कायम केलं नाही आणि ती तीन कॉलेजं गेली, हे त्यांच्याकडून कळलं. तू तक्रार करत नाहीस, पण माझं नाव निघालं की उठून जातोस, असंही त्यांनी लिहिलंय. त्याचं वाईट वाटून घेऊ नको, असंही. मी वाटून घेतलं. तुला माफ कर असं लिहायचं नाही असं ठरवलंय. ते मागायला मी समोर उभी राहीन.

साइट तू सुधारलीस ते मात्र आम्ही पाहिलं. आता चुकीचं स्पेलिंग घातलं तरी जवळची नावं दिसतात. निरोप सरांच्या संगणकावर येतात. गेल्या आठवड्यात एकोणीस आले. सर एका बोटानं उत्तरं टाइप करतात, आणि मधेच मला हाक मारून विचारतात, “‘कळावे’ लिहू की नको?”

मंगळूचा अहवाल तिसऱ्या मजल्यावरच होता. नोंद करणाऱ्यानं सुरगाणाचं स्पेलिंग दोन ओ घालून केलं होतं. तो माझ्या कार्डावर घेतला आणि एसटीनं त्याच्या पाड्यावर गेले. घरी त्याची आई धोंडाबाई एकटीच होती. म्हणाली, “पोर गेला बागंवर. दिंडोरीकडं.” परत फिरले. दिंडोरीच्या पुढे चौथ्या बागेत तो सापडला. घड विरळ करत होता, हातात कात्री. मला बघून आधी घाबरला. वसतिगृहाचं काही राहिलं का, असं विचारलं.

मी अहवाल काढून दिला. त्यानं हात सदऱ्याला पुसले, पुन्हा पुसले, मग घेतला. उभ्या उभ्या पानं उलटत राहिला. एका पानावर थांबला. त्याच्या पाड्याचं नाव तिथं छापलेलं होतं, कुटुंबं एकतीस.

“हे होतं तिथं?”

“होतं.”

“मग मला का नाय म्हणालं?”

मी चौकटीचं, पेटीचं, तुझं, माझं, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. रागावला नाही, आणि तेच मला सहन होईना. म्हणाला, “मी समजलो, माझंच लिहायचं चुकलं.” हे वर्ष गेलंच. जूनमध्ये पुन्हा नाव घालशील का विचारलं, तर म्हणाला, बघू, बाग संपू दे. पण अहवाल ठेवून घेतला. मुकादम हाक मारत होता, तरी तो ते पान वाचत उभा होता.

त्या रविवारी मी आण्णांना सांगितलं. एका परक्या मुलासमोर सगळं बोलता आलं, आणि घरी येत नाही, याची मलाच लाज वाटली. आण्णा शेवंती तोडत होते, आई टोपली धरून होती. मी पत्र नेऊन पुढे केलं आणि म्हटलं, हे साडेतीन वर्षांपूर्वीचं आहे, मी लपवलं होतं.

“वाच,” आण्णा म्हणाले.

मी वाचलं. ‘एक ओळ लिहा’ इथं आलं तेव्हा आई खाली बसली. आण्णांनी हातातली फुलं टोपलीत ठेवली. मग म्हणाले, “साडेतीन वर्षं मी त्या पोराला चारचौघांत शिव्या घातल्या. तू तिथं होतीस.”

“हो.”

“भाकरी वाढत होतीस.”

“हो आण्णा.”

त्यांनी हात उगारला नाही. टोपली उचलून घरात गेले. आठ दिवस माझ्याशी बोललेले नाहीत. मी ताट वाढते, ते आईकडे बघून जेवतात. आई रात्री माझ्या डोक्यावरून हात फिरवते.

परवा सकाळी त्यांनी ओमकडून, म्हणजे शेजारच्या पिंगळ्यांच्या पोराकडून, वहीची चार पानं मागून घेतली. माझ्याकडे मागितली नाहीत. दोन दिवस लिहीत होते, ओट्यावर बसून, गुडघ्यावर पाट ठेवून. काय लिहिलं ते मला माहीत नाही. आज पाकीट बंद केलं तेव्हा मी म्हटलं, आण्णा, मी तिकडूनच जातेय, टाकते.

“नको,” म्हणाले. आठ दिवसांतला तो पहिला शब्द.

फुलबाजारातून पायी पोस्टात गेले. रजिस्टर करून आले. पावती आईच्या हातात दिली, तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली.

पुण्याला ते बुधवारी-गुरुवारी येईल. पोस्टमन सही मागेल. त्या दिवशी घरी थांब दादा, आणि सही तूच कर. दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ देऊ नकोस.

सुवर्णा